नुसत्या 'जाऊ नये'ने बोट परत येत नाही: समुद्राच्या हवामानाचा अंदाज देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
समुद्राच्या हवामानाचा अंदाज काढणारे आणि तो बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी,

महोदय, महोदया,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर राहते. आमची सहा सिलिंडरची एक बोट आहे. नवरा तिच्यावर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, दीर सोबतीला, बाकी खलाशी. बर्फ, डिझेल, किराणा, जाळ्यांची डागडुजी, खलाशांची उचल, हा सगळा हिशेब माझ्याकडे असतो. बोट बाहेर असली की मी दिवसातून दोनदा मच्छीमार सोसायटीत जाऊन वायरलेसवर तिची खबर घेते. तुमचा इशारा आमच्या घरात सगळ्यात आधी मी वाचते. तो बोटीपर्यंत कसा न्यायचा, हेही मलाच बघावं लागतं.

आमच्या बंदरावर एक काळा फळा होता. वारा, लाट, भरतीची वेळ आणि इशारा असेल तर तो, असं सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असायचं. लिलावाला आलेली प्रत्येक बाई आणि प्रत्येक खलाशी तो येता-जाता वाचायचा. गेल्या हंगामाच्या शेवटी तो फळा काढून टाकला. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, "आता ग्रुपवर येतंच की." ग्रुपवर येतं ते एक चित्र. त्यातली अक्षरं मोठी करून वाचावी लागतात, आणि खाली प्रश्न विचारायची सोय नाही, कारण त्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. फळा गेला याचं दुःख आहेच. पण पत्र लिहायला बसले ते त्या चित्रातल्या मजकुरामुळे.

मजकूर दरवेळी साधारण सारखाच. महाराष्ट्र किनारपट्टीवर पुढचे अमुक दिवस ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा, झोत ६५ पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. बंदरात बांधलेल्या बोटीला हे वाक्य पुरतं. पण हे वाक्य येतं तेव्हा आमची बोट बहुतेक वेळा बाहेर असते. एकेक फेरी आठ-आठ, दहा-दहा दिवसांची. चौथ्या दिवशी पन्नास-साठ सागरी मैलांवर जाळं पाण्यात असलेल्या माणसाला 'जाऊ नये' म्हणून काय उपयोग? तो गेलेलाच आहे. त्याला हवं असतं ते वेगळं: वारा कधी फिरणार, कुठून येणार, किती जोराचा असणार, आणि त्याआधी कुठलं बंदर गाठता येईल.

यातलं बरंच तुमच्याकडे तयार असतं. हेच मला सहन होत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात माझ्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. इंजिन दुरुस्तीला काढल्यामुळे आमची बोट त्या आठवड्यात किनाऱ्याला होती. नाहीतर मी आज काय लिहीत असते कोण जाणे. ९ तारखेला लक्षद्वीपच्या बाजूला कमी दाबाचा पट्टा तयार झाला, आणि ११ तारखेच्या दुपारी फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. सगळा खेळ दोन दिवसांचा. वर्गवारीत ते चक्रीवादळाच्या सगळ्यात खालच्या पायरीचं होतं. मोठमोठी नावं घ्यायची तर फयान त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बोटी ऐन हंगामात बाहेर होत्या, आणि त्यातल्या कितीतरी परत आल्याच नाहीत. आमच्या आळीतल्या एका घरात आजही नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला कुणी जात नाही. वादळ केवढं यापेक्षा बोट त्या वेळी कुठे आहे, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे मी त्या वर्षी शिकले.

तेव्हा अंदाज आजच्याइतके लांबचे आणि नेमके नव्हते, हे मला मान्य आहे. तुमच्या लोकांनी मेहनत केली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा इशारा वेळेत होता, माणसं हलवता आली. तेव्हा आमच्या बोटी वर ओढलेल्या होत्या, हेही आमचं नशीब. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार तर आमच्या किनाऱ्यापासून दूर ओमानच्या दिशेने गेलं आणि ऐन दिवाळीत 'सुपर सायक्लोन' या सगळ्यात वरच्या पायरीला पोहोचलं. इथे ते धडकलं नाही, पण समुद्र असा उसळला होता की खाडीच्या तोंडाशी उभं राहून बघवत नव्हतं. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. ज्या समुद्राला आमचे सासरे बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत म्हणायचे, तो हाच.

आता तक्रारी सांगते.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा एक अंदाज काढतो. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन वादळापर्यंत जाण्याची शक्यता किती, हे त्यात लिहिलेलं असतं: शून्य, कमी, मध्यम किंवा जास्त. माझी पुतणी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. तिने मला तो दाखवला तेव्हा मी दहा मिनिटं गप्प बसले होते. सतरा वर्षं मी या घराचा हिशेब ठेवते आहे, आणि माझ्या हिशेबाला लागणारा सगळ्यात महत्त्वाचा कागद दर गुरुवारी निघतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो कागद आमच्यासाठी का महत्त्वाचा, ते समजून घ्या. एका लांबच्या फेरीला डिझेल, बर्फ, किराणा मिळून दीड-दोन लाख रुपये आधी घालावे लागतात. फेरी दहा दिवसांची आणि तुमचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाच दिवसांचा. म्हणजे फेरीचा उरलेला अर्धा भाग आम्ही डोळे झाकून जातो. पंधरवड्याचा अंदाज हातात असता आणि त्यात 'मध्यम' असं लिहिलेलं असतं, तर मी बर्फ निम्मा भरला असता. नवऱ्याला म्हटलं असतं, या वेळी लांब जाऊ नका, चार दिवसांत परत या. दोन आठवडे आधी वारा नक्की सांगता येत नाही, हे आम्हालाही कळतं. आम्ही नक्की मागत नाही. पत्रिकेतल्या मुहूर्तावर आम्ही बोट सोडतो, मग शक्यतेचा शब्द आम्हाला पेलणार नाही असं तुम्हाला का वाटतं? तो कागद इंग्रजीत राहतो आणि बंदरावर येतच नाही. 'कमी', 'मध्यम', 'जास्त' हे तीन शब्द मराठीत लिहायला किती वेळ लागतो?

दुसरी तक्रार अंतराची. किनारपट्टीचं म्हणून जे हवामानपत्र निघतं, त्याची हद्द किनाऱ्यापासून ७५ किलोमीटर, म्हणजे सुमारे ४० सागरी मैल. त्यापलीकडच्या समुद्राचं पत्र वेगळं. आमच्या बोटी पापलेट, सुरमई, म्हाकूळ शोधत कितीतरी वेळा ही रेघ ओलांडतात. पण बंदरावर येतो तो मजकूर किनारपट्टीचा. रेघेच्या पलीकडे काय चाललंय ते मोठ्या जहाजांना कळतं, आमच्या लाकडी बोटीला कळत नाही.

तिसरी. 'उत्तर महाराष्ट्र' आणि 'दक्षिण महाराष्ट्र-गोवा' एवढ्या दोनच तुकड्यांत सगळा किनारा गुंडाळला जातो. डहाणूला वारा सुटला म्हणून श्रीवर्धनची बोट बांधून ठेवायची, आणि गोव्याच्या बाजूला झोत आले म्हणून जयगडची. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या हंगामात आमच्यावर जे गुदरलं, ते यातूनच. संध्याकाळी इशारा आला. बोट रेंजच्या बाहेर. सोसायटीच्या वायरलेसवरून मधल्या दोन बोटींना सांगून निरोप पोहोचवला, त्यात रात्रीचे अकरा वाजले. नवऱ्याने पलीकडून एकच प्रश्न विचारला, "कुठला वारा, आणि कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एका कार्यालयात फोन लावला होता, तिथे कुणी उचलला नाही. त्यांनी जाळं ओढलं आणि अर्ध्या फेरीवरून परत आले. आमच्याकडे झाड हललं नाही. वारा होता, पण तो पार उत्तरेला होता.

पंधरा-वीस दिवसांनी तसाच इशारा, शब्दाला शब्द तोच. या वेळी नवरा म्हणाला, मागच्या वेळीही असंच होतं, एक ओढ करून निघतो. त्या एका ओढीत वारा आला. केबिनच्या काचा गेल्या, एका खलाशाचा हात दोर आणि विंच यांच्यामध्ये चेंगरला. त्याची दोन बोटं कायमची गेली. तो नेपाळचा पोरगा, तेवीस वर्षांचा. आता गावी आहे.

नवऱ्याचं चुकलं, हे तो स्वतः म्हणतो. पण दोन वेगवेगळ्या वाऱ्यांना एकच वाक्य लावलंत, तर दुसऱ्या वेळी माणूस पहिल्या वेळेचा अनुभव धरूनच चालणार. इशारा जास्त दिला की आपण सुटलो, असा हिशेब कुणी करत असेल, तर तो आमच्या जिवावर केलेला हिशेब आहे.

इथे मला बंदरावर लागणाऱ्या वादळाच्या बावट्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १८६४ च्या वादळाने कलकत्ता बंदराची धूळधाण केली, आणि पुढच्याच वर्षी तिथे बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची पद्धत सुरू झाली. त्या पद्धतीतून आलेले आजचे बावटे ११ आहेत. एक आणि दोन नंबरचे सांगतात की धोका लांब समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे बंदराला झळ लागणार. पाचपासून पुढे वादळ बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार, हेसुद्धा बावट्यावरून समजतं. माझे आजेसासरे शाळेत गेले नव्हते. पण 'तीन नंबर लागला' म्हटलं की काय करायचं आणि 'पाच लागला' म्हटलं की काय करायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या बावट्याला पायऱ्या होत्या. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, आणि मोबाईलवर येणाऱ्या इशाऱ्याला एकच पायरी: जाऊ नये.

चौथी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. वादळ आमच्या पश्चिमेकडून वर सरकत असेल, तर आमच्याकडे वारा दक्षिणेचा होतो. तेव्हा दक्षिणेला देवगडच्या दिशेने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लावणं म्हणजे लाट तोंडावर घेत जाणं. सरळ पूर्वेला घरी यावं तर लाट आडवी लागते आणि बोट लोळते. अशा वेळी वारा पाठीशी घेऊन उत्तरेचं बंदर गाठणं शहाणपणाचं. वाऱ्याचा वेग सांगता आणि दिशा गाळता, तेव्हा तांडेलाचा अर्धा निर्णय तुम्ही गाळता. वेळेचंही तसंच. भरलेली बोट तासाला सहा-सात मैल कापते. साठ मैलांवरून यायला नऊ-दहा तास, जाळं ओढायला दोन-अडीच तास, समुद्र खवळलेला असेल तर त्याहून जास्त. 'शनिवारी' या शब्दात चोवीस तास असतात. शनिवारी पहाटे की शनिवारी रात्री, यात घरी पोहोचणं आणि न पोहोचणं आहे.

लाटेबद्दल थोडं. लाटेची उंची तीन मीटर असं तुम्ही लिहिता, तेव्हा तो सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. त्यातच एखादी जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते. पुतणीने सांगेपर्यंत मला हे माहीत नव्हतं. बंदरावर शंभर जणांना विचारा, सगळे सांगतील की तीन म्हणजे जास्तीत जास्त तीन. हे एक वाक्य तुमच्या पत्राखाली का नसतं?

पाचवी, आसऱ्याची. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ बोटी ९५२ माणसांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगडला त्या माणसांना आपल्या लोकांनी जेवू-खाऊ घातलं. कोकणात आसरा आहे, देवगड आहे, जयगड आहे. पण प्रत्येक खाडी प्रत्येक वेळी आसरा देत नाही. हर्णैच्या बोटी वाऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. तिथल्या तोंडाशी गाळ साचलेला, ओहोटीला पाणी कमी. भर समुद्रातून वाचलेली बोट घराच्या दिव्यांसमोर गाळावर आपटून फुटते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वारा संध्याकाळी येणार आणि भरती रात्री दहाला असेल, तर त्या खाडीकडे यायचंच नाही. इशाऱ्यासोबत भरतीची वेळ आणि त्या दिवशी कुठल्या खाडीत शिरणं धोक्याचं, एवढं लिहायला नवीन यंत्र लागत नाही. बंदरावरच्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते सांगतील.

यंत्रांचंही बोलते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये देशभरातल्या मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. मोबाईलची रेंज संपल्यावरही त्यावर निरोप येतो आणि बोटीवरून संकटाचा संदेश जातो. ही फार चांगली गोष्ट आहे, आणि मी ती मनापासून चांगली म्हणते. पण त्या यंत्रावरही तेच एक वाक्य जाणार असेल, तर उपग्रहाने एवढा खटाटोप करून माझ्या नवऱ्याला काय सांगितलं?

आमच्या बाजूचंही खरं सांगते. समुद्रात हवामान मोजण्यासाठी ठेवलेल्या बोयांना, म्हणजे तरंगत्या यंत्रांना, काही जण बोटी बांधतात, त्यांच्याभोवती मासळी जमते म्हणून जाळी टाकतात, वरची उपकरणं मोडतात. हे चूक आहे. त्या बोयाचा आकडा बंद पडला की आपल्याच वाऱ्याचा अंदाज आंधळा होतो, हे आम्ही आमच्या लोकांना सोसायटीच्या सभेत सांगायला तयार आहोत. काही तांडेल इशारा असूनही मुद्दाम थांबतात, तेही खरं. मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्यातली मासेमारी बंदी लागायच्या आधीच्या फेरीत हे जास्त होतं, कारण पुढे दोन महिने कमाई नाही. २४ मे २०२५ ला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आला आणि हंगाम आठवडाभर आधीच संपला. त्या वेळी हातात आठ-दहा दिवस आधीचा अंदाज असता, तर ती शेवटची फेरी कुणी कर्ज काढून भरली नसती.

आमच्या मागण्या अशा आहेत. दर गुरुवारचा पंधरवड्याचा अंदाज त्याच दिवशी मराठीत प्रत्येक मासेमारी बंदरावर लावावा, शक्यतेच्या शब्दासकट. मच्छीमारांचा इशारा जिल्ह्याजिल्ह्याचा वेगळा असावा, आणि ४० मैलांच्या आत व बाहेर असे त्याचे दोन भाग असावेत. त्यात वाऱ्याची दिशा, सहा-सहा तासांच्या टप्प्यात वेळ, लाटेची उंची आणि भरती-ओहोटी असावी. वेग किलोमीटरसोबत नॉटमध्येही, म्हणजे तासाला किती सागरी मैल तेही, द्यावा, कारण आमच्या बोटीवरचा जीपीएस नॉट दाखवतो. बाहेर असलेल्या बोटींसाठी वेगळं वाक्य असावं: अमुक वेळेच्या आत अमुक बंदर गाठा. हा मजकूर चित्रात न अडकवता लिहून आणि बोलूनही यावा, मराठीत आणि खलाशांसाठी हिंदीत, म्हणजे वायरलेसवरून जसाच्या तसा वाचता येईल. इशारा लागू असताना रात्रीसुद्धा उचलला जाईल असा एक फोन असावा. हंगाम संपल्यावर प्रत्येक जिल्ह्याने आपले इशारे मांडावेत: किती दिले, किती वेळा वारा खरोखर आला, किती वेळा नाही. चुकलेल्याबद्दल आम्ही कुणाला दोष देणार नाही. पण आकडा समोर असला, तर पुढच्या इशाऱ्याला किती वजन द्यायचं हे तांडेलाला ठरवता येईल. आणि आमचा फळा परत लावावा. खडू मी आणेन.

१ ऑगस्टला बंदी उठेल आणि बोटी सुटतील. त्याच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी लिलावाच्या वेळेला, मी बंदरावर असेन. माझ्यासोबत आमच्या आळीतले तांडेल असतील, आणि फयानमध्ये ज्या घरातली बोट आली नाही, त्या घरातल्या वहिनीही येतो म्हणाल्या आहेत. त्या दिवशीचा अंदाज तिथे मराठीत लावलेला असावा. नसेल तर आम्ही तुमच्या कार्यालयात येऊ, पुतणीला सोबत घेऊन, आणि इंग्रजी कागदावरून तुमच्यासमोर बसून तो मराठीत उतरवून घेऊ.

आपली विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बोटीची हिशेबनीस